लापाउची बांधणी आणि दातुकचं जेवण

माझी मुलगी येलफिरा कॉम्प्युटरला आपल्या मिनांग बोलीत कामं सांगते आणि कॉम्प्युटर ती ऐकतो. इथं सुमात्रात, पायाकुंबुहच्या बाजारात ज्याला हे खोटं वाटत असेल त्यानं माझ्या खाणावळीत यावं, समोर बसवून दाखवीन. जेवल्याशिवाय मात्र उठू देणार नाही.

मी चौथीपर्यंत शिकले, तेवढी शाळा मला पुरली. तरी या कामातलं मला जेवढं कळतं तेवढं आमच्या गल्लीतल्या पदवीवाल्यांना कळत नाही, कारण मी ते रोज भाजी निवडताना ऐकलंय. कॉम्प्युटरच्या भाषा इंग्रजी शब्दांच्या. डोंगरातली पोरं आधी त्या शब्दांशी झटतात, त्यातच तास संपतो. म्हणून येलफिरानं नवी भाषा केली. ‘जर’, ‘नाहीतर’, ‘परत कर’, सगळं आमच्या बोलीत. नाव ठेवलं लापाउ. लापाउ म्हणजे आमच्याकडचं कॉफीचं दुकान, जिथं पुरुषमाणसं सकाळपासून बसून सगळ्या जगाचा निकाल लावतात.

माझा धाकटा भाऊ झुल तेव्हा म्हणाला, “नाव बरोबर शोधलंस. नुसती बडबड, काम शून्य.”

“फरक आहे, मामाक,” येलफिरा म्हणाली. “माझ्या लापाउत बोललेलं घडतं.”

झुल आमच्या कुळाचा दातुक, म्हणजे मुख्य आहे. बाकीचे त्याला दातुक म्हणतात आणि वाकतात, मी झुल म्हणते आणि तो मला उनी, म्हणजे ताई. लहानपणी त्याचं नाक मी पुसलंय.

आता लापाउत लिहिलेलं कॉम्प्युटरला थेट कळत नाही, मध्ये दुभाष्या लागतो. त्याला हे लोक इंटरप्रिटर म्हणतात. तोही हिनंच लिहिला. हा दुभाष्या एका कॉम्प्युटरवर तयार करून दुसऱ्यावर नेऊन ठेवता येत नाही, कारण प्रत्येकाची घडण वेगळी. तेव्हा मूळ लिखाण न्यायचं आणि जिथल्या तिथं बांधायचं. बांधण्याआधी येलफिराचा एक छोटा प्रोग्राम त्या कॉम्प्युटरची चौकशी करतो. तुझ्याकडे कंपायलर, म्हणजे बांधणी करणारा प्रोग्राम, कुठला? तुझ्यात केवढा मोठा आकडा मावतो? ही सोय आहे का, ती आहे का? मिळालेली उत्तरं एका फाइलीत ठेवतो आणि त्या उत्तरांच्या बेतानं दुभाष्या बांधला जातो. सोयरीक जुळवण्याआधी आपण जेवढं विचारतो त्याहून जास्त विचारतो तो.

त्या दिवशी लापाउची परीक्षा होती आणि माझीही. आमच्यात घर मुलीचं असतं. मुलगे बाहेरगावी जायचेच, माझे तिघं गेले, त्याचं मी रडगाणं गात नाही. पण मुलगी एकच आहे. तिला जकार्ताच्या एका कंपनीनं बोलावलं होतं आणि संध्याकाळपर्यंत उत्तर मागितलं होतं. तिनं मला स्वच्छ सांगितलं होतं, “आमाक, जिल्ह्याच्या शाळांनी लापाउ घेतलं तर मी इथंच राहून ते चालवीन. नाही घेतलं तर जाईन. घरात बसून मनाची समजूत काढत बसणार नाही.” झुलचं मत होतं तिनं जावंच. एवढी डोक्याची पोरगी मिरच्यांच्या वासात कशाला कुजवायची, म्हणे. त्याच मिरच्यांवर तो पोसला.

परीक्षा शिक्षकांच्या सभागृहात ठेवली होती. शाळाखात्याचे साहेब, पाक असरिझाल, पाडांगहून आले होते. बारीक माणूस, इस्त्रीचा बाटिक शर्ट, दर वाक्याला घड्याळाकडे बघायची खोड. चार शाळांनी आपापले कॉम्प्युटर आणले होते आणि एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नव्हतं. सुलिकीच्या बाई, इबु गुस्निमार, यांनी आणलेला एवढा जुना की त्याचा पंखा भाताच्या गिरणीसारखा घुरघुरत होता. एका शाळेची तळहाताएवढी उघडी पाटी होती, तिलाच पडदा जोडलेला. तिसरा जपानहून देणगीत आलेला. चौथा कुणाचा काय, त्याच्या मास्तरांनाही ठाऊक नव्हतं. नियम असा की मास्तरांनी स्वतः बांधणी करायची, येलफिरानं हात लावायचा नाही. डोंगरात इंटरनेट नाही, तिथं मास्तरच करणार. नापास झालं तर एका कंपनीचं तयार सामान घ्यायचं पाक असरिझालनी आधीच बघून ठेवलं होतं.

येलफिरा निवांत होती. सकाळीच घरी तिनं सगळं एकदा बांधून बघितलं होतं. मीही निवांत होते. माझ्या पोटची आहे.

तळहाताएवढ्या पाटीवर चौकशी झाली, बांधणी सुरू झाली आणि मध्येच लाल अक्षरं येऊन थांबली. जपानी कॉम्प्युटरवर तेच, फक्त लाल अक्षरं वेगळी. चौथ्यावर तर सुरू होताच बंद पडली. गुस्निमारबाईंच्या घुरघुऱ्यावर मात्र बांधणी शेवटपर्यंत गेली. बाईंनी खुशीत लापाउत एक हिशेब टाकला, सुलिकीच्या एका वर्षाच्या भाताचे दाणे किती. उत्तर आलं उणे काहीतरी.

“आमच्याकडे पीक जरा कमी येतं,” बाई म्हणाल्या, “पण एवढंही नाही.”

मास्तर हसले. येलफिराचे कान लाल झाले. झुल माझ्याजवळ सरकून म्हणाला, “उनी, बघितलंस? हिला मोठ्या जागी शिकायला पाहिजे.”

“तुला मोठ्या जागी बसवलं तर तू काय शिकलास?” मी म्हटलं.

पाक असरिझालनी घड्याळ बघितलं. “येलफिरा, काम मेहनतीचं आहे, त्यात वाद नाही. पण शाळांना चालणारी वस्तू लागते. जेवण झालं की मी निघतो. तोवर काही सुचलं तर बघू, नाहीतर कागदावर नाही असं लिहावं लागेल.”

येलफिरानं मान हलवली आणि खुर्ची ओढून घुरघुऱ्यासमोर बसली. जेवायला ये असं मी तिला म्हटलं नाही. तिच्या पाठीकडे बघून मला कळलं होतं की तिला आता भात नको, वेळ पाहिजे.

वेळ माझ्याकडे होता. त्या दिवशीचं जेवण माझ्या खाणावळीचं होतं आणि ते डब्यांतून द्यायचं ठरलं होतं. रिकामे डबे मी गाडीतच ठेवले. मागच्या खोलीत चटया अंथरल्या, मोठी ताटं काढली आणि सांगितलं, आज बाजाम्बा. म्हणजे एका ताटाभोवती सगळ्यांनी बसायचं, एकाच भातातून आपापल्या समोरचं खायचं आणि मानाचा माणूस हात धुवेपर्यंत कुणी उठायचं नाही. मानाचा माणूस म्हणजे आमचा झुल. खात्याचा साहेब असो नाहीतर मंत्री, दातुक जेवत असताना उठला तर पाडांगपर्यंत त्याची बदनामी होईल.

“मला उशीर होईल हो, माक,” पाक असरिझाल बूट काढत म्हणाले.

“डब्यातला भात काय घाईत खायचाय? पाहुण्याला डबा दिला तर उद्या माझी खाणावळ कोण चढेल? बसा.”

ते बसले. बायकांचं ताट खरं तर वेगळं असतं. पण शिजवलं मी, वाढणार मी, मी झुलच्या शेजारीच बसले. ताटात नारळाच्या दुधात आटवलेलं मांसाचं रंदांग होतं, कोवळ्या फणसाचं गुलाई, म्हणजे रस्सा होता, साबुदाणकंदाचा पाला होता आणि हिरव्या मिरचीचा ठेचा होता. मी भाताची एकेक चिमूट उचलत होते. साहेब भराभर जेवत होते. झुल कायमच भराभर जेवतो, त्याला वाटतं कुणीतरी हिसकावून घेईल.

“पाक असरिझाल, तुमची आई कुठली?” मी विचारलं.

“सोलोकची.”

“सोलोकचा तांदूळ चांगला. आई अजून हातानं पाखडते का?”

“आई आता थकली.”

“मग कोण बघतं तिच्याकडे?”

“बहीण आहे ना घरी.”

“बहीण घरी आहे,” मी झुलकडे बघून म्हटलं. “ऐकलंस?”

झुलनं ऐकलं नाही असं दाखवलं. त्याचं जेवण झालं होतं. त्याचा हात वाटीतल्या पाण्याकडे गेला, सगळं ताट त्या हाताकडे बघायला लागलं आणि साहेबांनी एक गुडघा मोकळाही केला.

मी हळूच म्हटलं, “झुल, हात बुडवलास की भाची गेली.”

“तिनं जावं हेच मी म्हणतोय ना.”

“ती अशी तोंड पाडून जाईल आणि गाव म्हणेल दातुकच्या भाचीला उणे भात पिकवता आला. लापाउत बसून तूच ते ऐकशील. मी नाही बसत तिथं.”

पलीकडच्या खोलीत घुरघुऱ्याचा पंखा चालू होता. झुलनं दारातून येलफिराकडे बघितलं. ती पडद्याला नाक लावून बसली होती, लहानपणी तापात बसायची तशी. झुलचा हात वाटीवर थांबला आणि मागे आला.

“जायचं तर जाऊ दे,” तो पुटपुटला. “पण हरून नाही.” मग मोठ्यानं म्हणाला, “उनी, भात आण. आणि ते रंदांग एवढं लांब का ठेवलंय?”

साहेबांनी गुडघा पुन्हा दुमडला. माझा भाऊ काय चीज आहे ते मी तेव्हा बघितलं. भरल्या पोटावर तो एकेक घास एवढा चावत होता की दात मोजता आले असते. मध्येच त्यानं आपल्याला दातुकपद कसं मिळालं ती गोष्ट साहेबांना सांगायला काढली. ती गोष्ट आमच्या घरात कुणी पूर्ण ऐकलेली नाही. साहेब ऐकत होते, काय करतील? मी तिसऱ्यांदा भात आणला तेव्हा झुलनं माझ्याकडे जे बघितलं ते मी इथं लिहीत नाही.

तेवढ्यात येलफिरा दारात आली. केस विस्कटलेले आणि चेहऱ्यावर राग, पण तो स्वतःवरचा.

“आमाक, यानं कुणाला विचारलंच नाही.”

“कोणी? कुणाला?”

“चौकशीनं. नव्या कॉम्प्युटरवर तिला कॉफी गार होईल एवढा वेळ लागतो. इथं डोळ्याचं पातं लवायच्या आत संपली. मी पडद्यावर वर सरकून वाचलं तर प्रत्येक प्रश्नापुढं एकच लिहिलंय, आधीच माहीत. मी सकाळी खात्री करायला घरी बांधून बघितलं आणि तोच अख्खा फोल्डर उचलून आणला. उत्तरांची फाइल आतच राहिली. माझ्या कॉम्प्युटरची उत्तरं या बिचाऱ्यांच्या नावावर चढली. माझ्या कॉम्प्युटरमध्ये मोठे आकडे मावतात म्हणून यानं घुरघुऱ्यातही मोठेच कोंबले, ते मावले नाहीत.”

“म्हणजे न विचारता दुसऱ्याच्या मापाचे कपडे शिवलेस,” मी म्हटलं. “खात्री करताना सगळे असेच फसतात का तूच?”

“सगळे,” ती म्हणाली. “पण सगळे कबूल करत नाहीत. मला अजून थोडा वेळ पाहिजे. फाइल नुसती पुसून भागणार नाही. उत्तरं दुसऱ्या कॉम्प्युटरची असतील तर चौकशीनं ती फेकून नव्यानं विचारावं, तेही लिहून टाकते.”

झुलनं डोळे मिटले. “फणसाचं वाढ, उनी,” तो म्हणाला.

यावर साहेब हसले. माणूस बावळट नव्हता, त्यांना आधीच समजलं असणार. “दातुक, तुम्ही आरामात जेवा,” ते म्हणाले. “आणि मला थोडा ठेचा द्या, माक. पाडांगमध्ये असा मिळत नाही.”

झुलनं शेवटी हात धुतला तेव्हा मास्तर पुन्हा आपापल्या जागी बसले. या खेपेला चौकशी सावकाश चालली. पडद्यावर एकामागून एक प्रश्न, पुढं उत्तर. आहे, आहे, नाही, आहे. मला वाचता येतं तेवढं मी वाचत होते. तळहाताएवढ्या पाटीनं एका सोयीला नाही म्हटलं, तर दुभाष्या त्या सोयीशिवाय बांधला गेला आणि चालला. जपानी चालला. गुस्निमारबाईंनी भाताचा हिशेब परत टाकला आणि एवढा लांब आकडा आला की बाई म्हणाल्या, “आता जरा जास्तच वाटतोय.” मग कागदावर गुणाकार करून बघितला, तर बरोबर होता.

चौथा मात्र थांबला. पडद्यावर आमच्या बोलीत ओळ आली: या कॉम्प्युटरवर कंपायलर नाही, तो आधी आणा, मग मला बोलवा.

झुल म्हणाला, “गेलं.”

पाक असरिझालनी ती ओळ दोनदा वाचली. “गेलं कुठं? त्या तयार सामानानं याच कॉम्प्युटरवर नुसता काळा पडदा दाखवला होता, कशामुळं ते कुणाला कळलं नाही. हे निदान काय कमी आहे ते सांगतंय. कमी आहे ते मी पाठवू शकतो.” त्यांनी घड्याळ बघितलं नाही. “येलफिरा, सुलिकीच्या पुढं रस्ता वाईट आहे. शाळा वर आहेत, पावसात दरडी येतात. पहिल्या वर्षी मास्तरांच्या बाजूला बसून बांधणी करून घ्यायला कोण जाईल?”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मी ताटं गोळा करत होते, हातातलं ताट तसंच धरून उभी राहिले. जकार्तात काचेच्या इमारती आहेत, इथं घुरघुरे आहेत. मी एक शब्द बोलले नाही. मला ओळखणाऱ्यांना विचारा, केवढी मोठी गोष्ट आहे ती.

“मी जाईन,” येलफिरा म्हणाली. “पण मोटारसायकल खात्याची पाहिजे.”

“मिळेल,” साहेब म्हणाले.

तिनं खिशातून फोन काढला आणि जकार्ताला उत्तर लिहायला लागली, उभ्या उभ्याच. झुल भिंतीला टेकून बसला होता, पोटावर हात ठेवून. मी त्याच्यासमोर उरलेला भात ठेवला तेव्हा त्यानं मान फिरवली.

“उचल ते,” तो म्हणाला. “आणि पोरीला वाढ. सकाळपासून उपाशी आहे ती.”