पारड्यातलं बाळ

मित्रांनो, मी मोताळ्याच्या आठवडी बाजारातली एक म्हातारी तागडी आहे. माझी दांडी सागाची, पारडी पितळेची. मला घडवलं तेव्हा शेर-पावशेराचा जमाना होता. मग महाराष्ट्र राज्य झालं, किलोची नवी कोरी वजनं आली आणि माझ्या पारड्यात ऐटीत बसू लागली.

माझे मालक तुळशीराम आणि त्यांची बायको रुख्मिणी. त्यांच्या मळ्यातली वांगी, मेथी, मिरच्या मी तोलल्या. भाव पाडता आला नाही की गिऱ्हाईक माझ्यावरच डोळे वटारायचं! बाजार नसला की मी ओसरीतल्या खुंटीवर लटके. वारा आला की डुले. बिडीचा निळसर धूर माझ्याभोवती तरंगे आणि आपण ढगातच टांगलेलो आहोत असं मला वाटे. किती आवडायचा मला तो धूर!

तो धूर तुळशीरामच्या आईच्या, मंजुळाबाईंच्या बिडीचा. रुख्मिणीला दिवस गेले, मळमळू लागलं, तेव्हा सासूने मायेनं आपली बिडी पुढे केली.

"घे वं, झुरका मार. बरं वाटते. अन् लेकरू बारीक राह्यलं त मोकळी बी सुखानं होशीन."

बाळ लहान राहिलं की बाळंतपण सोपं जातं, अशी त्या घरातल्या बायकांची समजूतच होती. रुख्मिणी रोज ओढू लागली.

तिला मुलगी झाली. बाळंतपणासाठी घरी आलेल्या नर्सबाईंनी मला खुंटीवरून काढलं, पारड्यात मऊ लुगडं अंथरलं आणि बाळ ठेवलं. पलीकडचं दोन किलोचं वजन जागचं हललंच नाही. अजून काही ठेवायचं असेल, अशा भ्रमात मी वाट पाहत राहिले. पोरीला दूध ओढवेना, श्वास पुरेना. घरच्या कापसात गुंडाळून ऊब दिली, तरी ती बारशाआधीच गेली.

नर्सबाई म्हणाल्या, "पोटातल्या बाळाला आईच्या रक्तातूनच श्वास मिळतो. बिडीनं तो कमी पडतो, बाळ वाढत नाही."

मंजुळाबाई खाली बसल्या. "म्या त सगळ्याच लेकरांच्या टायमाले ओढली वो बाई. माहे दोन असेच बारके गेले. ते बी याच्यानंच का?"

"नक्की कसं सांगू, आजी? पण असू शकतं."

पुढे रुख्मिणीला पुन्हा दिवस गेले. मळमळलं की तिचा हात आपोआप बिडीकडे जाई. मंजुळाबाई तिला लिंबू कापून देत आणि म्हणत, "म्या सोडली, तू बी सोड." दोघी चिडत, रडत, एकमेकींवर खेकसत. पण ओसरीतला धूर गेला तो गेलाच. खुंटीवर मला थोडे दिवस करमलं नाही, खोटं कशाला बोलू?

मग मुलगा झाला. यावेळी बाळाचं पारडं असं खाली गेलं की दुसरीकडचं तेच दोन किलोचं वजन वर उचललं गेलं. तुळशीराम हसले, रुख्मिणी हसली. मंजुळाबाईंनी मात्र माझं पारडं दोन्ही हातांनी धरलं आणि त्या हुंदके देऊ लागल्या.

"याले पाहून मले माहे दोघं आठवून राह्यले वं, रुख्मे. अन् तुही पोरगी."

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला दिवस गेले असतील आणि कुणी मायेनंच बिडी पुढे केली, तर तुम्ही लहान असलात तरी 'नको' म्हणा. हलकं बाळ पारड्यातून उचलतात ना, तेव्हा त्याच्या आईकडे बघवत नाही.