शेवटच्या सायकलची जागा

बायको गेल्याचा फोन आला तेव्हा कप्तान दातवाल्याशी भांडत होता. रविवारची दुपार होती, दातवाल्याचा दातांचा दवाखाना बंद होता आणि पेशंट बसतात तिथल्या टेबलावर नकाशा पसरून दोघं सायकल ट्रिपचा दुसरा मुक्काम ठरवत होते. दातवाल्याला डोंगराच्या अलीकडे राहायचं होतं, कप्तानला पलीकडे. तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. बायको माहेरी गेली होती, तिचाच काही निरोप असेल म्हणून कप्ताननं उचलल्या उचलल्या सांगितलं, "अरे, जरा थांब. ह्या दातवाल्याच्या डोक्यात चढ शिरत नाहीये."

"भावजी, आधी खाली बसा," मेहुणा म्हणाला.

ताई जिना चढताना कोसळली होती. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्या वर्षीची ट्रिप झाली नाही. पुढच्या वर्षी कप्ताननं पुन्हा नकाशा काढला आणि तिथूनच त्याच्या डोक्याला ताप सुरू झाला. कप्तानचं फर्निचरचं वर्कशॉप होतं. कप्तान हे नाव त्याला मित्रांनी ठेवलेलं, कारण तो कधी कुणाला पुढे जाऊ द्यायचा नाही. दातवाला, मेहुणा आणि दरवर्षी ट्रिपला येणारी बाकीची टोळी एरवी कशावरूनही भांडायची. कुठली वाट, कुठला मुक्काम, घोरणाऱ्याच्या खोलीत कोण झोपणार. आता काहीही विचारलं तरी एकच उत्तर यायचं, "तू म्हणशील तसं." कप्ताननं मुद्दाम भर उन्हाची, सावली नसलेली वाट सुचवली. तरीही तेच. त्यानं फोन बिछान्यावर फेकला. भिंतीशी बोललेलं परवडलं, असं त्याला वाटलं.

शेवटी त्यानं कळवलं, ह्या वेळी मी सगळ्यांत मागे राहणार.

टोळीचा एकच नियम होता. डोंगरातल्या कच्च्या वाटेला फाटा फुटला की पुढच्यानं तिथं थांबायचं, मागचा दिसला की हात करायचा आणि मगच निघायचं. मग त्या मागच्यानं त्याच्या मागच्यासाठी थांबायचं. असं शेवटपर्यंत. म्हणून शेवटी कोण आहे हे पक्कं ठरलेलं लागायचं. ती जागा बायकोची होती. पंप, ट्यूबा, मलमपट्टी सगळं तिच्या पाठीवर. तिच्या मागे कुणी राहायचं नाही. झुडपाआड गेलेल्यालाही ती हाका मारून बाहेर काढायची. इतक्या वर्षांत कप्तान सगळ्यांत पुढे असायचा, ती सगळ्यांत मागे. तिथून काय दिसतं हे त्याला एकदा तरी बघायचं होतं. ह्यापलीकडे त्याला त्या ट्रिपमधून काही नको होतं.

"तू मागे?" दातवाला म्हणाला. "तुला सिग्नलला थांबवत नाही." मग त्याला एकदम आठवलं आणि तो घाईघाईनं म्हणाला, "नाही म्हणजे, तू म्हणशील तसं."

सरावासाठी सगळे गावाबाहेरच्या जंगलात गेले. कप्ताननं तिची पिशवी पाठीला लावली आणि सगळे पुढे जाईपर्यंत थांबला. थोडं अंतर गेला तर मेहुणा रस्त्याच्या कडेला वाकलेला.

"काय झालं?"

"बुटाची लेस सुटली, भावजी. तुम्ही व्हा पुढे."

"तुझ्या बुटाला लेस नाही."

मेहुणा मुकाट्यानं निघाला. पुढच्या वळणावर दातवाला झाडाकडे तोंड करून उभा होता. कप्तान थांबला. दातवाला हलेना.

"किती वेळ?"

"होत नाहीये. तू असा मागे उभा राहिल्यावर कसं होणार? जा ना पुढे."

मेहुणाही परत फिरून आला होता. तिघं तिथंच उभे, कुणीच पुढे जाईना. पुढची मंडळी फाट्यावर वाट बघून वैतागली आणि फोन करायला लागली.

"हे काय चाललंय?" कप्ताननं विचारलं.

"तुम्हाला मागे एकटं सोडायचं नाही, असं ठरलंय," मेहुणा म्हणाला.

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"मग? तिला सोडत होतातच ना एकटी?"

"ताई कुठे एकटी असायची? मी असायचो तिच्या पुढे, तिच्या शिव्या खात. तुम्हालाही घालायची. म्हणायची, तुझे भावजी एकदा तरी मागे वळून बघतात का, बघ."

कप्तानला हे माहीत नव्हतं. राग आला, तो कुणावर काढावा कळेना. "चला," तो म्हणाला. "दोघंही पुढे. आणि तोंडं जरा सरळ करा, मी आजारी नाही."

दातवाला तणतणत सगळ्यांना ओलांडून पार पुढे गेला. आता त्याच्यामागून सगळे. थोडा वेळ बरं चाललं. कप्तानला पुढच्यांच्या पाठी दिसत होत्या, कोण दमलंय, कुणाचं चाक डुगडुगतंय. मग पुढचा फाटा आला. दातवाला डावीकडे वळला. वाट उजवीकडे होती. नियमाप्रमाणे तो थांबला, मागच्याला हात केला, मागच्यानं त्याच्या मागच्याला. मेहुण्यानं कप्तानला हात केला.

"अरे, चुकलंय!" कप्तान ओरडला. तोवर मेहुणाही वळून गेला होता, आणि शेवटच्यानं कुणाला ओलांडायचं नसतं. तो दात आवळून मागून जात राहिला. वाट एका दगडाच्या खाणीशी संपली.

"नकाशा कुणाकडे होता?" कुणीतरी विचारलं.

"नकाशा कशाला?" दातवाला म्हणाला. "वाट ह्यालाच माहीत असते ना. आम्ही कधी बघितली?"

खरं होतं. कप्ताननंच कधी कुणाला बघू दिली नव्हती. खाणीच्या काठावर दातवाला आणि मेहुणा एकमेकांवर ओरडायला लागले, अगदी पूर्वीसारखे, पण कप्तानला त्यानंही बरं वाटेना. त्यानं सायकल वळवली आणि सगळ्यांच्या पुढे निघाला, पिशवी पाठीवर तशीच. मेहुणा मागून ओरडत होता, "भावजी, आता मागे कोण?"

त्यानं वळून बघितलं नाही. वाट दाखवायची होती.

ट्रिपच्या तारखा ठरल्या आहेत. मुक्काम डोंगराच्या पलीकडे ठरला, सामानाचा टेम्पोही सांगून झाला. सगळ्यांत मागे कोण राहणार, हे अजून ठरलेलं नाही.