खांदेमळणीची हळद लागलेला दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. जुना म्हणजे पाचच वर्षांचा, पण आम्हा दोरांना एवढ्यात म्हातारपण येतं. दोर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे दावं नाहीतर कासरा येत असेल. तसला मी नव्हे. माझं अंग निळं, त्यावर केशरी नक्षी आणि पोटात पांढऱ्या धाग्यांचा जुडगा. मी थोडा ताणला जातो आणि पुन्हा आखडतो, म्हणून वरून हात सुटलेल्या माणसाला हिसका बसत नाही. थोडी फुशारकी मारतो आहे, चालवून घ्या. मी कुठल्या कारखान्यात विणला गेलो ते माझ्या टोकाच्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, पण ती चिठ्ठी पहिल्याच महिन्यात एका लहानग्यानं चावून टाकली.

लातूरला बंद पडलेल्या एका डाळ मिलच्या गोदामात रूपालीताईंनी चढाईची भिंत उभारली. तीस फूट उंच, अंगावर लाल-पिवळ्या खुंट्या. पोरांनी त्या धरून वर जायचं. माझं एक टोक पोराच्या कमरपट्ट्याला, मग मी वरच्या कप्पीवरून खाली यायचो आणि एका कडीतून खाली उभ्या असलेल्या मोठ्या माणसाच्या हातात जायचो. पोराचा हात सुटला की त्या माणसानं मला घट्ट धरायचं. दोर शक्यतो आई-बापांनीच धरायचा, असा रूपालीताईंचा नियम होता. त्यामुळे रविवारी इथं घरंच्या घरं यायची, डबे घेऊन. अर्ध्या भिंतीवर लटकलेल्या मुलाला खालून आई विचारायची, "धपाटं आता खातूस का उतरल्यावर?"

राजकन्या नावाची दहा वर्षांची मुलगी माझी लाडकी. तिच्या शाळेसाठी तिची आई सगुणाबाई लातुरात खोली करून राहायची. वडील व्यंकटभाऊ उदगीरजवळच्या गावी शेत आणि बैल सांभाळायचे आणि रविवारच्या पहिल्या गाडीनं यायचे. सहा दिवसांनी भेटलेल्या बापलेकीचं बोलणं दोन मिनिटांत संपायचं. जेवलीस का? हाव. अभ्यास? हाव. भिंतीवर मात्र बोलायची गरजच नसायची. तिचा पाय कुठं अडखळला, त्यांनी श्वास कुठं रोखला, सगळं माझ्यातूनच जायचं.

एकच गोष्ट अडायची. वर पोचल्यावर दोन्ही हात सोडून मागं रेलायचं असतं, मग खालचा माणूस दोर सोडत सोडत आपल्याला उतरवतो. राजकन्या हात सोडायचीच नाही. एकेक खुंटी चाचपत खाली यायची. पोरीनं एकदा आपल्या भरवशावर हात सोडावेत, एवढंच व्यंकटभाऊंना हवं होतं. तोंडानं ते कधी म्हणाले नाहीत, पण मला त्यांच्या तळहातावरून कळायचं.

यंदा पोळ्याआधीच्या रविवारी रूपालीताई म्हणाल्या, "या दोराला मळ धरलाय." व्यंकटभाऊ लगेच पुढं झाले. "द्या माझ्याजवळ. दोराचं मला नका सांगू." साध्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, एवढं ताईंनी सांगितलं. त्यांनी अगदी तसंच केलं. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण आली. बैलांचे वर्षभर राबलेले खांदे त्यांनी हळद-तेलानं चोळले. वाटीत थोडं उरलं होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "तू तर माझ्या लेकराला उचलतूस." आणि मला टोकापासून टोकापर्यंत चोळून काढलं. मित्रांनो, खरं सांगतो, इतका मान मला कुणी दिला नव्हता. मी सुखानं पडून राहिलो.

रविवारी पिशवी उघडताच रूपालीताई थबकल्या. त्यांनी मला कडीत घालून ओढलं, तर मी सर्रकन निसटलो. मला स्वतःचीच लाज वाटली. "व्यंकटभाऊ, तेलानं हा सटकतोय. आता यावर कुणाचा जीव टांगता येणार नाही," ताई म्हणाल्या.

व्यंकटभाऊंचा चेहरा उतरला. ते जाऊन दाराच्या पायरीवर बसले. राजकन्या कमरपट्टा बांधून तयार होती. ती त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"पप्पा, चला की. दुसरा दोर हाय."

"मम्मीला धरू दे. तेलाचं मला कळलं न्हाई, आनखी काय काय कळत नसंल. माझ्या हातानं नको."

"मग मी न्हाई चढत."

सगुणाबाई जवळच होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "कळत नसंल तर इचारा. तेवढ्यासाठी काय दोर धरायचाच सोडतासा का?"

रूपालीताई पायरीवर त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. "चूक माझीपण आहे. तेल लावू नका, हे सांगायचं मला सुचलंच नाही." मग व्यंकटभाऊंनी विचारायला सुरुवात केली. ह्याला ऊन चालतं का? साबण? ह्याच्यावर पाय पडला तर? गाठ कितीदा तपासायची? पाऊण तास विचारत होते. राजकन्येनं तिथंच बसून दोन धपाटी खाल्ली.

शेवटी ते उठले. नवा लाल दोर त्यांनी कडीत घातला, गाठ तीनदा पाहिली, ताईंना दाखवली. माझ्या जागी दुसरा लागला याचा मला हेवा वाटला, लपवत नाही. राजकन्या चढली, वर पोचली आणि थांबली. तिनं पाऊण तास सगळं ऐकलं होतं.

"पप्पा, सोडू का?"

"सोड. मी हाय."

तिनं दोन्ही हात सोडले. ती मागं रेलली आणि हळूहळू, पाय भिंतीला लावत, हसत खाली आली. व्यंकटभाऊंनी दोर सोडला तो तिचे पाय जमिनीला टेकल्यावरच. डोळे पुसायला त्यांना तेव्हाच हात मोकळा मिळाला.

आता मी दाराशी खुंटीला असतो. माझ्यावर कुणी चढत नाही, मुलं गाठी शिकतात. नवे आई-बाप आले की व्यंकटभाऊ मला त्यांच्या हातात देतात आणि सांगतात, "हे तेल म्या लावलंय. तुम्ही आधी इचारा." सांगताना ते आता खाली बघत नाहीत.

मित्रांनो, वस्तूंना जीव लावा, पण कुणाला काय सोसतं ते आधी विचारून घ्या. विचारलं म्हणून माणूस लहान होत नाही. बाकी माझं म्हणाल, तर माझी कुणावर तक्रार नाही. इतके दोर येतील आणि जातील, पण खांदेमळणीची हळद लागलेला मी एकटाच.