बू फलाहची कॉइल

बू फलाहच्या दिवाणियात, म्हणजे घरच्या पुरुषांच्या बैठकीत, कोणी कुठे बसायचं याचा काही नियम नाही, त्यामुळे तो कोणी मोडतही नाही. यजमानाच्या उजव्या हाताला ज्याच्या शब्दाने कामं होतात तो, डाव्या हाताला ज्याचं काम नुकतंच झालंय तो, आणि तिथून भिंतीकडेच्या गाद्यांवरून दरवाज्याकडे उतरत गेलेले आम्ही बाकीचे. मी निवृत्त भूगोलशिक्षक. माझी जागा दरवाज्यालगत, एसीच्या गळतीखाली. माझे भावोजी बू बर्राक माझ्यापेक्षा बरेच वर बसत, कारण पाणीखात्यात ते एकेकाळी उपसंचालक होते. कुवेतमध्ये निवृत्त उपसंचालकाची किंमत त्याने जपून ठेवलेल्या व्हिजिटिंग कार्डांइतकी असते. भावोजींकडे अजून एक डबाभर शिल्लक होती.

सोमवारी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर आम्ही जमायचो आणि मगरिबला, सूर्य मावळताना, उठायचो. त्या सोमवारी बू फलाहनी एक झुरका घेतला, खोकले, आणि हातातल्या चांदीच्या यंत्राकडे फसवलं गेल्यासारखं बघत राहिले.

"टायर जाळल्यासारखं लागतंय," ते म्हणाले. तेवढ्यात यंत्राच्या बुडातून एक चिकट थेंब त्यांच्या पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिशदाशावर पडला.

डॉक्टरांनी सिगारेट बंद केल्यापासून ते ही वाफेची सिगारेट ओढत. जावयाने लंडनहून आणलेली. त्यात ते केशर-कस्टर्डच्या वासाचं दाट गोड पाणी घालत, आणि गोड पाणी तापत्या तारेवर पातेल्यातल्या दुधासारखं करपून बसतं.

"नवीन कॉइल टाका की," कोणीतरी सुचवलं. "दुकानात ढिगाने मिळतात."

बू फलाहनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने वडिलांनाच बदलून आणायला सांगितलं होतं. या माणसाच्या तीन इमारती आहेत. पण श्रीमंत माणूस काही फेकत नाही. फेकायची सवय आपली.

तेव्हा भावोजी उठले. "द्या इकडे. घरी नेऊन साफ करून आणतो."

तोंडाकडे नेलेले खजूर हवेतच थांबले. दिवाणियात पाहुणा उठतो तो नमाजाला किंवा घरी जायला. काही करण्यासाठी उठतो तो कुट्टी, अरबी कॉफीचा गहवा ओतणारा केरळचा माणूस. त्याला त्याचा पगार मिळतो.

"छे छे, बू बर्राक, तुम्ही कशाला त्रास घेताय?" असं म्हणेपर्यंत बू फलाहनी यंत्र त्यांच्या हातात दिलंही होतं.

भावोजी कशाला त्रास घेत होते ते मला ठाऊक होतं. लुलवा, माझी थोरली बहीण, त्यांची बायको. तिच्या डोळ्यांचे पडदे सुटत चालले होते. एक डोळा जवळजवळ गेलेला, दुसरा त्याच्या मागे निघालेला. जर्मनीत शस्त्रक्रिया होते, आणि रुग्णाला परदेशी पाठवायचं की नाही हे एक समिती ठरवते. समितीने कळवलं होतं की उपचार इथेच होऊ शकतात. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की ते जर्मनीतच होऊ शकतात. आता फेरविचाराचा अर्ज होता, आणि अर्जाला हवा होता धक्का देणारा एक शब्द. तो शब्द बू फलाहच्या तोंडात होता, वाफेच्या मागे कुठेतरी.

*

"हे काय आणलंत?" ताईने विचारलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर यंत्र ठेवल्याचा आवाज तिने ऐकला होता.

"बू फलाहचं आहे. साफ करायचंय."

"त्यांच्या घरात नोकर वारले वाटतं सगळे?"

"अगं, हे नाजूक काम आहे."

"मग तुम्ही हात नका लावू."

ती बरोबर बोलत होती. भावोजींचे हात थरथरतात. सही केली तरी ती भूकंपाच्या नोंदीसारखी दिसते. त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ लावला, त्यातला मुलगा काय करतोय ते मोठ्याने सांगू लागले, आणि काम ताईने केलं. आयुष्यभर तिने बायकांच्या पायघोळ दरायांवर जरीचं भरतकाम केलंय. तिने टाकी पिळून सुटी केली, उरलेलं गोड पाणी वाटीत ओतलं, आतला काळा पडलेला कापूस चिमट्याने ओढून काढला.

"ई! हे ओढतात हे लोक? मेलेल्या उंदराची शेपूट आहे."

काच, धातूचे तुकडे आणि रबराचे वायसर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुतले. वायसर तिने बशीत वेगळे ठेवले, एखादा जरी हरवला तरी सगळं गळतं म्हणून. नंतर भावोजींनी बटण दाबलं; उघडी तार लाल झाली, तिच्यावरची करपट जळून पांढरी राख झाली. तार निवल्यावर ताईने ती जुन्या टूथब्रशने नळाखाली घासली. राहिला नवा कापूस. त्याची वात करून कॉइलच्या वेटोळ्यातून ओवायची: घट्ट झाली तर करपते, सैल राहिली तर गळते. ताईने भिंग लावलं, डोळा बारीक केला, मग भिंग बाजूला सारलं आणि बोटांनीच ओवून टाकलं. कडा कातरल्या, वरून वाटीतल्या गोड पाण्याचे दोन थेंब सोडले आणि म्हणाली, "मुरू द्या. लगेच ओढलं तर पुन्हा टायर लागेल."

"माशाल्ला," भावोजी म्हणाले. "उद्या उपकार चढेल त्याच्यावर."

ताई टेबल पुसत होती. "उपकार चढतो तो बरोबरीच्या माणसाचा," ती म्हणाली.

भावोजींनी व्हिडिओ बंद केला.

*

पुढच्या सोमवारी बू फलाहनी झुरका घेतला, डोळे मिटले आणि केशराची दाट वाफ छताकडे सोडली.

"बू बर्राक! हात आहेत की जादू! या, इथे बसा."

भावोजी उजव्या हाताला बसले. कुट्टीने पहिला गहवा त्यांना दिला. वाकून त्यांनी यजमानाच्या कानात अर्ज, समिती, जर्मनी, डोळे असं सगळं सांगितलं. बू फलाहनी तर्जनी उचलून आपल्या नाकाच्या शेंड्याला लावली.

"नाकावर! तुमचं काम ते माझं काम."

आमच्याकडे एकदा नाकाला बोट लावलं की विषय संपतो. त्यात एक सोय आहे: पुन्हा आठवण करून दिली तर समोरच्याच्या नाकाचा अपमान होतो. त्यामुळे भावोजींनी आठवण करून दिली नाही. त्याऐवजी ते यंत्र साफ करत राहिले. स्वच्छ यंत्र स्वतःच आठवण करून देईल, असा त्यांचा हिशेब.

यंत्राने आठवण करून दिली, फक्त बाकीच्यांना. "बू बर्राक, माझंही जरा गळतंय." "बू बर्राक, ही काच धूसर झालीय." आंबा, द्राक्ष-पुदिना, महलबिया, सगळे वास आपापल्या कापसासकट ताईच्या टेबलावर येऊ लागले. भावोजी बदामाच्या रिकाम्या डब्यात यंत्रं घालून न्यायचे-आणायचे. ताई आता भिंग लावतच नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "त्याने फक्त माझं बोट मोठं दिसतं. ते मला पाठ आहे."

आणि भावोजींची जागा सरकत होती. ढकललं कोणीच नाही. ढकलतात ते बाजारात. एका सोमवारी उजव्या हाताला दुसरेच कोणी आले म्हणून भावोजी एक गादी खाली बसले. पुढे त्यांचा डबा गादीवर ठेवला तर आंब्याचा वास लागतो म्हणून तो पँट्रीत ठेवायचा ठरलं. डबा पँट्रीत, म्हणून यंत्रंही तिथेच द्यायची-घ्यायची. एकदा नळाखाली काही विसळायला गेलेले भावोजी बराच वेळ परतले नाहीत. मी डोकावलो, तर कुट्टीने त्यांना स्टूल दिलं होतं. दोघं चहा घेत होते.

"साहेब, इथेच बसत जा," कुट्टी म्हणत होता. "आत पाय अवघडतात. इथे पंखा पण आहे."

त्या दिवशी गाडीत मी बोललोच.

"भावोजी, तुम्ही उपसंचालक होतात. त्यांनी तुम्हाला भांडीवाली केलंय."

"तुला कळत नाही. तू शिक्षक होतास, तुला फक्त सुट्ट्या मागायची सवय."

"आणि तुम्हाला?"

"मी तीस वर्षं लोकांच्या अर्जांवर बसलोय. अर्ज कसा हलतो ते मला माहीत आहे. समोरच्याला तुझा वास आवडला पाहिजे."

"तो केशराचा वास आवडतोय त्याला."

त्यांनी एसी वाढवला.

घरी पोचलो तर ताई दारातच उभी. मी "कशी आहेस?" म्हटल्यावर ती माझ्या डाव्या खांद्याशी बोलली. दुसरा डोळाही आता जवळजवळ गेला होता. डॉक्टर म्हणाले होते, शस्त्रक्रिया उन्हाळ्याच्या आत व्हायला हवी. बाहेर गाड्यांचे स्टिअरिंग हाताला चटके देऊ लागले होते.

*

शेवटी भावोजींनी नाकाचा अपमान करायचं ठरवलं. नवा दिशदाशा घातला, डोक्यावरचा गुत्रा नीट कडक इस्त्रीचा. त्या सोमवारी ते पँट्रीत गेलेच नाहीत, डबाही नेला नाही. पण बोलायची वेळच आली नाही. बू फलाहनीच हाक मारली.

"बू बर्राक! कुठे लपता? या, इथे माझ्या शेजारी."

यजमानाच्या उजव्या हाताला एक पाहुणे बसले होते: बू मुतलक. त्यांचा भाचा त्या समितीवर आहे हे दिवाणियातल्या गाद्यांनाही माहीत होतं. भावोजींचा चेहरा मला दरवाज्यापासून दिसत होता. इतका मोकळा मी तो त्यांच्या लग्नानंतर पाहिला नव्हता.

"तुमच्याबद्दल यांच्याशी बोललोय मी," बू फलाह म्हणाले. "शब्द टाकलाय."

"अल्ला तुम्हाला उदंड आयुष्य देवो, बू फलाह. मी आयुष्यभर विसरणार नाही."

"अहो, तुम्ही आमचेच. मी यांना सांगितलं, असा माणूस अख्ख्या कुवेतमध्ये सापडणार नाही."

बू मुतलक हसले. त्यांनी दिशदाशाच्या खिशात हात घातला आणि दोन यंत्रं काढली, एक काळं, एक सोनेरी. "काळ्याला करपट वास येतो. सोनेरी गळतं. आणि बू बर्राक, आमच्या गुरुवारच्या दिवाणियात सात-आठ जण आहेत. सगळे वैतागलेत. तिथेही येत जा ना. चांगला एसी आहे पँट्रीत."

खोलीत कोणीतरी चहाच्या पेल्यात चमचा ढवळत होतं. ढवळतच राहिलं.

मला वाटलं, आता भावोजी उठतील. यंत्रं फेकतील, काहीतरी तीस वर्षं गिळलेलं बोलतील. मला दरवाज्याजवळ बसल्याचा त्या दिवशी आनंद झाला. त्यांच्याबरोबर लगेच बाहेर पडता येणार होतं.

"बू मुतलक," ते म्हणाले, "माझ्या बायकोचे डोळे—"

"हो हो, बू फलाह म्हणत होते काहीतरी." बू मुतलकनी तर्जनी नाकाला लावली. "नाकावर! गुरुवारी याल तेव्हा बोलूच."

भावोजींनी दोन्ही हात पुढे केले आणि यंत्रं घेतली. मग त्यांनी आपलीही तर्जनी उचलली. ती थरथरत नाकाजवळ गेली, पहिल्यांदा ओठाला लागली, मग नाकाला.

"नाकावर," ते म्हणाले.

त्या खोलीत नाकाला लागलेल्या तीन बोटांपैकी काम करणारं बोट तेवढं एकच होतं. ऊदाचा धूप फिरला. ऊद फिरल्यावर बसायचं नसतं, म्हणून आम्ही उठलो. कुट्टीने पँट्रीतून रिकामी पिशवी आणून दिली. डबा नव्हता ना.

*

मगरिबचा उजेड स्वयंपाकघराच्या खिडकीत थोडा उरला होता. भावोजींनी पिशवी टेबलावर अगदी हळू ठेवली. तरी ताईने मान वळवली.

"बोललात?"

"बोललो. बू फलाह स्वतःच बोलले माझ्या आधी. बू मुतलकही होते. गुरुवारी बोलावलंय त्यांनी."

 ताईने हात पुढे करून पिशवी चाचपली. एक यंत्र काढलं, नाकाजवळ नेलं. दुसरं काढलं.

"द्राक्ष-पुदिना," ती म्हणाली. "आणि हे नवीन आहे. कॉफी?" तिने मांडीवर हात पुसला. "गुरुवारी कितीजण आहेत?"

भावोजी नळ सोडून पाणी कोमट व्हायची वाट बघत उभे होते. उन्हाळ्यात आमच्या नळाला गार पाणी येतच नाही, पण ते वाट बघत राहिले.

"सात-आठ," मी म्हणालो.

"मग कापूस लागेल." तिने काळ्या यंत्राची टाकी पिळून सुटी केली, वायसर काढून अंदाजाने बशीकडे हात नेला. बशी वीतभर पलीकडे होती. मी ती सरकवली. टेबलावर आता चांगलाच काळोख झाला होता, म्हणून मी बटणाकडे गेलो.

"ताई, दिवा लावू?"

"तुला लागत असेल तर लाव," ती म्हणाली आणि चिमट्याने कापूस ओढून काढला.