होडीतला कुत्रा

माझ्याकडे एकाच पुस्तकाच्या अकरा प्रती आहेत आणि अकराही चुकीच्या आहेत, असं मी गेली तीस वर्षं सांगत आलो. लोक हसतात. हसोत बापडे. जुनी चित्रांची बालपुस्तकं जमवणारा माणूस थोडा चक्रम असतोच, त्यात मी छापखान्यात पस्तीस वर्षं रंगीत छपाई केलेला. म्हणजे चक्रम आणि वर शहाणा. माझ्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

पुस्तक सोळा पानांचं. तळ्यावर संध्याकाळ झालीय आणि एक छोटी मुलगी होडीतून घरी चाललीय, एवढीच गोष्ट. नवव्या पानावर सगळ्यात मोठं चित्र: भोवती नुसतं काळंनिळं पाणी, मध्ये होडी, होडीत ती मुलगी आणि तिच्या शेजारी तपकिरी कुत्रा. निदान आमच्या लहानपणीच्या पुस्तकात तरी कुत्रा होता. माझ्या अकरा प्रतींत मुलगी एकटीच आहे.

कुत्रा मला आठवतो तसा ताईलाही आठवतो. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा ती आठ वर्षांची होती. मग घर मोडलं, आम्ही आत्याकडे गेलो आणि आत्यानं आमचं सामानसुमान वाटून टाकलं. त्यात पुस्तकही गेलं. आईचा साधा फोटोसुद्धा उरला नाही. ती कपबशांच्या कारखान्यात कपांवर वेलपत्ती रंगवायची, पण तिनं रंगवलेला एखादा कप कुठं असलाच, तर तो ओळखायचा कसा?

आता ताईची नजर जात चालली होती. डावा गेलाच होता, उजव्याचे डॉक्टरांनी थोडेच महिने सांगितले होते. त्या दिवसापासून तिनं एकच धोशा लावला.

"कुत्रा होता ना रे? की मीच मनानं रचला? आईच्या मांडीवर बसून तो बघायचे, एवढंच मला तिचं धड आठवतं. कुत्राच खोटा निघाला, तर बाकीचं कशाच्या जोरावर खरं मानू?"

"होता. पहिल्या छपाईत होता," मी ठणकावून सांगायचो. "पुढं ठसे नव्यानं केले तेव्हा वगळला."

हा माझा सिद्धांत. पुस्तकं जमवणाऱ्यांच्या त्रैमासिकात मी त्यावर सहापानी लेख ठोकला होता, आणि छपाईतला माणूस सांगतोय म्हटल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हापासून दहा-बारा जण 'कुत्र्याची आवृत्ती' शोधत होते. मिळाली कुणालाच नव्हती.

मंगळवारी सकाळी जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराचा फोन आला. "काका, एका रुग्णालयाच्या मुलांच्या विभागातली बाद झालेली पुस्तकं आलीत. त्यात तुमचं ते आहे. पार चिंध्या झाल्यात, चार पानं गायब. पण काका, कुत्रा आहे!"

मी कुणाच्या चपला घालून निघालो ते मला अजून माहीत नाही.

दुकानदारानं नववं पान उघडून ठेवलं होतं. कुत्रा होता. मी तिथल्या मासिकांच्या गठ्ठ्यावरच बसलो. मग सवयीनं भिंग काढलं. छापलेलं चित्र भिंगाखाली ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. पाणी ठिपक्यांचं होतं, होडी ठिपक्यांची, मुलीचा गाल ठिपक्यांचा. कुत्र्यात एकही ठिपका नव्हता.

"हा छापलेला नाही," मी म्हणालो. "कुणीतरी हातानं रंगवलाय."

म्हणजे तीस वर्षांचं मुसळ केरात! आधी आला तो संतापच. कुठल्या कार्ट्यानं रंगपेटी घेऊन... पण हे कार्ट्याचं काम नव्हतं. पाठीची रेघ मानेपासून शेपटापर्यंत एका दमात ओढलेली, मध्ये भरीव आणि टोकाला बारीक. पाण्यात कुत्र्याची हलती सावलीसुद्धा होती. माझ्या अकरा प्रतींत मुलीचा हात होडीच्या फळीवर नुसता रिकामा पडलेला असतो. इथं तिची बोटं तशीच ठेवून, बरोबर त्यांच्याखाली कुत्र्याचं डोकं बसवलं होतं.

मी पुस्तक उलटं केलं. मागच्या पुठ्ठ्याचा कोपरा कुरतडलेला होता. तो मी दोन वर्षांचा असताना खाल्ला, ही तक्रार ताई आजतागायत करते.

म्हणजे ही आमचीच प्रत! कपांवर वेलपत्ती काढणाऱ्या बाईनं छपाईतल्या माणसाला साठ वर्षं शेंडी लावली होती. मला इतका अभिमान उभ्या आयुष्यात कधी वाटला नव्हता. मी ढसाढसा रडलो. दुकानदार बिचारा पाण्याचा पेला घेऊन नुसता उभा.

दुपारी ताईला खिडकीशी बसवून पुस्तक दिलं. तिनं पान उजव्या डोळ्याच्या अगदी जवळ धरलं, तिरकं केलं, पुन्हा सरळ केलं.

"आहे," ती म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं.

"मी रडायचे रे," ती म्हणाली. "एवढ्या पाण्यात ती एकटी, म्हणून. आईला पुढचं पान उलटूच द्यायचे नाही. मग एक दिवस कुत्रा दिसला. आई म्हणाली, 'मागं राहिला होता बिचारा, आत्ता पोहत आला.' मला ते खरंच वाटलं."

"मलाही. मी तर लेख लिहिला."

ती हसली. मग डोळे मिटून तिनं चित्रावर बोट टेकवलं. जुन्या चित्राला मी कुणाला बोट लावू देत नाही, पण तेव्हा तिला अडवलं नाही. छपाई सपाट असते, हा आईच्या कारखान्यातला घट्ट रंग वर उठलेला होता. तिचं बोट पाण्यावरून सरकत गेलं आणि कुत्र्यावर चढलं. डोक्यावरून मान, मानेवरून पाठ. पाठीच्या मधोमध ते थांबलं, जरा मागं आलं, पुन्हा थांबलं.

"इथं रंग संपला तिचा," ताई म्हणाली. "इथं तिनं ब्रश परत बुडवला."

मी भिंग घेऊन वाकलो. केसभर उंचवटा होता. मी ती रेघ एका दमातली समजलो होतो.