लगद्यात गेलेली माझी पानं

मी एक जुना इंग्रजी शब्दकोश आहे. वय विचाराल तर तुमच्या खापरपणजोबांच्या काळातला. मित्रांनो, लंडनमध्ये छापला गेलो आणि रोह्याच्या एका मास्तरांच्या घरी आलो. त्या घरातल्या कित्येकांनी माझ्यावरून इंग्रजी गिरवलं. मग मोबाईल आले आणि माझ्यावर चष्म्याची डबी ठेवू लागले. असो.

पुढे घरातली उर्वी इंग्रजीत एम.ए. करू लागली. ती माझ्यात शब्द शोधत नसे, माझ्या काळची माणसं शोधत असे. ‘घोडा’ या शब्दाला दोन रकाने पाहून ती हसत मलाच म्हणाली, "आजोबा, घोड्याशिवाय यांचं पानच हलत नव्हतं!" बाईविषयी तो काळ काय म्हणतो, हे तिला सर्वांत जास्त हवं होतं. पण ‘वुमन’ हा शब्द डब्ल्यूत, म्हणजे माझ्या अगदी शेवटी, आणि ती क्रमाने वाचत होती.

त्या घराची एक रीत आहे. गणपती पेणहून येतो, कागदाच्या लगद्याचा, आणि कागद घरचाच पाठवतात. या वर्षी उर्वीच्या विष्णुआजोबांनी रद्दीबरोबर मलाही पोत्यात भरलं. अगदी श्रद्धेने हं! म्हणाले, "देवाच्या कामी येईल."

पेणच्या मूर्तींच्या कारखान्यात लगदा करणाऱ्या रंभाने मला शेवटच्या पानापासून फाडायला घेतलं. घरात माझी जागा रिकामी पाहून उर्वी धापा टाकत पोचली तेव्हा माझ्या शेवटच्या पानांचा टबात चिखल झाला होता.

"अगो बाय, तुझ्या आजोबांनीच दिलंय," रंभा घाबरली. "मला काय म्हायती?"

"तुमची नाही हो चूक, मावशी," असं म्हणून उर्वी तिथेच बसून रडली. उरलेला मी तिच्या पिशवीतून घरी आलो. माझ्यासारखी दुसरी प्रत तिला अजून मिळालेली नाही.

भाद्रपदात गणपती आला. मूर्ती सुरेख होती. आरतीत आजोबा उर्वीच्या नजरेला नजर देईनात. विसर्जनाला सगळे ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणत कुंडलिका नदीवर गेले. उर्वी माझ्याजवळ बसून राहिली.

बाईला मी अडीच ओळी दिल्या होत्या, मित्रांनो. त्या मला पाठ आहेत, पण तिला सांगता येत नाहीत. म्हणून तुम्हाला विनवतो, पुस्तक पोत्यात टाकण्याआधी घरात एकदा विचारा, "हे कुणी वाचतंय का?" आमच्याकडे तेवढं कुणी विचारलं नाही.