तिसऱ्या कप्प्यातली सात कार्डं

मित्रांनो, माझ्या झाकणाची एक बिजागरी केव्हाच निखळली आहे, तरी मी अजून कामाचा आहे. मी फ्रेंच अनेकवचनांच्या कार्डांचा जुना लाकडी डबा.

खिडकीच्या उरलेल्या फळीतून एका सुताराने मला आपल्या शिक्षिका बहिणीसाठी बनवलं. बाईंनी माझे तीन कप्पे कार्डांनी भरले. कार्डाच्या पुढे एकवचन, मागे अनेकवचन. चुकलं की कार्ड पहिल्या कप्प्यात, एकदा बरोबर आलं की दुसऱ्यात, पुन्हा आलं की तिसऱ्यात. बहुतेक शब्दांना शेवटी नुसता 'एस' लागतो, तोही बोलताना ऐकू येत नाही. ते झटपट पुढे सरकत. पण 'शव्हाल' म्हणजे घोडा, अनेक झाले की 'शव्हो'. असे आडमुठे शब्द पहिल्या कप्प्यात तळ ठोकून बसत. मुलं म्हणत, "बाईंच्या डब्याला फसवता येत नाही."

बाई निवृत्त झाल्या आणि मी आठ वर्षं कपाटावर धूळ खाल्ली.

मग त्यांची भाची आली. ती नर्स होती. परदेशी नेत्ररुग्णालयातली जागा तिला मिळणार होती, पण फ्रेंचची तोंडी परीक्षा पास झाली तरच. बाईंनी मला कपाटावरून खाली काढलं आणि रोजचा सराव सुरू झाला. परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी पहिल्या कप्प्यात सात कार्डं उरली होती. तिने दाराकडे पाहिलं आणि सातही थेट तिसऱ्यात कोंबली. मला ओरडता आलं असतं तर!

"मावशी, पहिला कप्पा रिकामा."

"इतक्यात? मी भाजी निवडेपर्यंत?"

मावशींनी तिसऱ्यातूनच कार्ड काढलं. बरोबर. दुसरं, बरोबर. तिसरं निघालं डोळ्याचं. फ्रेंचमध्ये एक डोळा आणि दोन डोळे हे शब्द एकमेकांचे चुलत भाऊही वाटत नाहीत.

भाचीने कार्डाची मागची बाजू बघायला हात पुढे केला.

"पेशंटला एकच डोळा उघडायला सांगणार का गं?"

"रिकामा कप्पा बघून मला जरा धीर येईल असं वाटलं, मावशी."

मावशी रागावल्या नाहीत. त्यांनी सातही कार्डं पहिल्यात ठेवली. "चहा टाक. बसू."

संध्याकाळपर्यंत पाच कार्डं रीतसर पुढे गेली. दोन अडली, त्यात डोळ्याचंही. ती खिशात घालूनच भाची सकाळी परीक्षेला गेली. एक तिथेही चुकलं, पण डोळ्याचं आलं आणि ती पास झाली.

ती दोन कार्डं आता तिकडे तिच्या गणवेशाच्या खिशात असतात.

मित्रांनो, माझी बिजागरी कुणी बसवून दिली तर बरंच होईल. पण न येणारी कार्डं मात्र पहिल्या कप्प्यातच राहू द्या. तो भरलेला असला, तरी मला जड होत नाही.